दादा, किडनी आणि माशाचं तेल

माझ्या थोरल्या भावाइतका भित्रा माणूस अख्ख्या काशीत शोधून सापडायचा नाही. आणि काशी म्हणजे कुठलं गाव, हे लक्षात घ्या. इथे लांबलांबून माणसं मरायला येतात, खोली घेऊन राहतात आणि मरण लांबलं तर ओशाळतात. अशा गावात, मणिकर्णिकेच्या स्मशानघाटापासून चालत पंधरा मिनिटांवर, ब्रह्मा घाटावर ज्याचा जन्म गेला, चार पिढ्यांचं वैदिक घराणं, घाटावर श्राद्धाला बसलेल्या शेकडो यजमानांना ज्यानं आत्मा मरत नाही हे ठासून सांगितलं, तो माझा दादा शिंक आली तरी आधी पंचांग उघडतो आणि मग डॉक्टरला फोन लावतो. बाजाराला जाताना मणिकर्णिकेची गल्ली लागू नये म्हणून तो इतका मोठा वळसा घालतो की भाजी घेऊन घरी येईपर्यंत पालक मान टाकतो. मात्र आपण भितो हे त्यानं कधी कबूल केलेलं नाही. भीती सगळी 'तिची' असते. 'ती घाबरते', 'तिला सोसत नाही', 'तिला विचारल्याशिवाय कसं जायचं?' नवखा माणूस समजतो, पंडितजी बायकोच्या मुठीत आहेत. वहिनी बिचारी बाजूला बसून शेंगा सोलत असते. 'ती' म्हणजे माझी किडनी.

पाच वर्षांपूर्वी दादाच्या दोन्ही किडन्या बसल्या. वहिनीला साखरेचा आजार, त्यामुळे तिची घेता येईना. माझी जुळली. मी रेल्वेच्या शाळेत चाळीस वर्षं मुलांवर ओरडत काढलेली, प्रकृती दणकट, निवृत्तही झाले होते. डॉक्टरांनी माझी एक काढली आणि दादाच्या ओटीपोटात उजव्या बाजूला नेऊन बसवली. मला वाटलं, संपलं. दिली वस्तू, सुटले. कसलं काय! त्या दिवसापासून रोज सकाळी सहाच्या ठोक्याला लहरताऱ्याला माझ्या घरी फोन वाजतो. "धाकटे, काल सव्वादोन लिटर. रंग उत्तम. तुझी तबियत एकदम फर्स्टक्लास आहे." आणि फोन बंद. माझं ब्लडप्रेशर, माझे गुडघे, मला झालेला खोकला यांच्याशी त्याला काहीही कर्तव्य नाही. माझी तबियत म्हणजे त्याच्या पोटात आहे तेवढी. आमचे हे तर चहा पिता पिता विचारायचे, "आलं का मीटरचं रीडिंग?"

तिचे लाड काय वर्णावेत! मला लहानपणी कारलं आवडत नसे, म्हणून दादानं पाच वर्षांत कारल्याला हात लावला नाही. "तिला चालत नाही, लहानपणापासून." वहिनीला कारलं जीव की प्राण, ती शेजारी जाऊन खाऊन येते. आमच्या गल्ल्यांत दोन माणसं एकमेकांना अंग चोरून जातात आणि त्यातच सांड उभे असतात. कुणी सांड शिंग मारेल म्हणून दादा उपरण्याखाली पोटावर पूजेचं तांब्याचं ताम्हण बांधून बाहेर पडतो. ठठेरी बाजारात एकदा खरंच एका सांडानं मान हलवली आणि असा ठणका उठला की दोन्ही बाजूंचे भांडीवाले आपलं काय पडलं ते बघायला बाहेर आले. दादा भिंतीला चिकटून पुटपुटत होता, "घाबरू नको, घाबरू नको, गेला तो." कुणाला म्हणत होता ते मला माहीत आहे.

तिला शरीरानं परकी समजून हाकलू नये म्हणून ज्या गोळ्या असतात, त्या सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. पाच मिनिटंही इकडची तिकडे नाहीत. एकदा एक यजमान हातात पिंड घेऊन बसलेला, मंत्र अर्ध्यावर, आणि दादाच्या कमरेचा गजर वाजला. दादानं हात वर केला. "रुकिए." मग पंचपात्राशेजारच्या डबीतून गोळी काढली, उकळलेल्या पाण्याची बाटली काढली, सावकाश गिळली. यजमान कावराबावरा होऊन म्हणाला, "पंडितजी, पितर?" दादा म्हणाला, "पितर थांबतील हो. ही नाही थांबायची!" त्याच डबीत एक थर्मामीटर असे. दिवसातून पाच वेळा ताप बघायचा, आणि नसला की शंका घ्यायची की थर्मामीटर बिघडला.

पण त्यानं सर्वांत मोठं काय सोडलं असेल तर गंगा. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नदीत उतरायचं नाही, न उकळलेलं पाणी तोंडात घालायचं नाही, तुमच्या अंगात आता रोगाशी भांडायची ताकद उरलेली नाही. पाचव्या वर्षापासून रोज गंगेत बुडी मारणारा हा माणूस त्या दिवसापासून वरच्या कोरड्या पायरीवर उभा राहून लांबूनच हात जोडतो. ओळखीचे मल्लाह नावेतून चिडवतात, "का गुरू, गंगा मइया से झगड़ा हो गवा?" दादा हसून सोडून देतो. मी एकदा मागून पाहिलं होतं. हात जोडून झाल्यावरही तो बराच वेळ पाण्याकडे बघत उभा होता.

आता त्या तेलाची गोष्ट. गेल्या जेठात तपासणी झाली आणि रक्तात चरबी वाढलेली निघाली. त्या गोळ्यांनी वाढते म्हणे. डॉक्टरनं चिठ्ठीत एक नवी कॅप्सूल लिहिली. मोठी, सोनेरी, आरपार दिसणारी. वहिनीला इतकी आवडली की तिनं ती उजेडात धरून मला दाखवली. "वन्सं, बघा कशी सुंदर आहे, मधाच्या थेंबासारखी." महिनाभर दादा ती कौतुकानं घेत होता. मी बाटली हातात घेतली, चष्मा लावला आणि इंग्रजी अक्षरं वाचून हसत सुटले. "दादा, हे माशाचं तेल आहे! चार पिढ्यांत पहिला मासेखाऊ वैदिक तूच!"

हे मी करायला नको होतं. माझ्या हसण्याला माझं एक खाजगी कारण होतं, ते पुढे येईल. पण दादाचा चेहरा एकदम उतरला आणि वहिनीनं हातातली कॅप्सूल खाली टाकून दिली. मीच घाबरून सारवासारव करायला लागले. म्हटलं, औषध आहे, औषधाला दोष नसतो, तूच तर यजमानांना सांगतोस. नाही तर डॉक्टरला विचार, दुसरं काही देतील. दादा खाली पडलेली कॅप्सूल उचलून म्हणाला, "डॉक्टरनं तिच्यासाठी लिहिलंय. बंद केली आणि तिला काही झालं तर?" म्हणजे पापाची भीती एका बाजूला, तिची भीती दुसऱ्या बाजूला, आणि मधे आमचा दादा.

मग जे सुरू झालं ते घाटावर अजून सांगतात. बाटली घरातून बाहेर, चपलांच्या वरच्या कोनाड्यात. दुपारच्या जेवणानंतर दादा उंबऱ्याबाहेर जाऊन, डोळे मिटून, कॅप्सूल दाताला लागू न देता गिळायचा, बारा चुळा भरायचा, आणि वहिनी त्याला तासभर स्वयंपाकघराच्या आसपास फिरकू द्यायची नाही. एवढं करून ते तेल गप्प बसेल तर शपथ. चारच्या सुमाराला त्याचे ढेकर यायचे. ऐन वेदघोषात, मोठ्या खर्जातल्या स्वरानंतर दादा थांबायचा, तोंडावर उपरणं धरायचा, आणि चौकात मासळीबाजाराचा वास दरवळायचा. दोन मांजरं त्याच्या मागे घाटापर्यंत येऊ लागली. कलकत्त्याहून आलेला एक म्हातारा यजमान वास घेऊन इतका प्रसन्न झाला की दादाचा हात हातात घेऊन म्हणाला, "पंडितजी, आप तो एकदम अपने आदमी निकले!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. दादाही हसला. तो आतून काय ठरवत होता ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

श्रावणात राखीच्या दिवशी आमच्याकडच्या पुरुषांची श्रावणी असते. सगळ्यांनी मिळून जुनं जानवं काढून नवं घालायचं आणि वर्षभराच्या चुकांचं प्रायश्चित्त म्हणून पंचगव्य घ्यायचं. गाईचं कच्चं दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण, सगळं एकत्र. यंदा गंगा चढलेली, पायऱ्या बुडालेल्या, म्हणून श्रावणी वरच्या एका देवळाच्या चौकात झाली. ऑपरेशनपासून दादा पंचगव्याचा नुसता वास घ्यायचा आणि पळी खाली ठेवायचा. यंदाही तसंच केलं असणार असं वहिनीला वाटलं. बायका तिथे नसतात. दुपारी तो माझ्याकडून राखी बांधून घ्यायला लहरताऱ्याला आला तेव्हा मला तर तो वर्षात पहिल्यांदाच निवांत वाटला. ताम्हणसुद्धा बांधायचं विसरला होता.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला फोन आला नाही.

मी घड्याळाकडे बघत बसले. सव्वासहा. साडेसहा. पाच वर्षं ज्या फोनला मी वैतागले होते तो चालू आहे ना, हे मी दोनदा उचलून पाहिलं. मी फोन लावला, कुणी उचलेना. रिक्षा करून मैदागिनपर्यंत आले आणि तिथून पुढे गल्ल्यांतून अक्षरशः धावत गेले, या वयात, या गुडघ्यांवर. दादा अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. अंग भाजत होतं, ओठ सुकले होते. वहिनी रडत म्हणाली, "तीन दिवस पोट बिघडलंय, वन्सं. मला म्हणाले, धाकटीला सांगशील तर माझी शपथ. रोज फोन मात्र करत होते." म्हणजे गेले तीन दिवस तो मला सव्वादोन लिटर सांगत होता ते खोटंच होतं. मी विचारलं, "ताप किती आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. दिवसातून पाच वेळा ताप मोजणाऱ्या माणसानं थर्मामीटर देव्हाऱ्यामागे लपवून ठेवला होता. मोजला असता तर ताप खरा ठरला असता ना!

ब्रह्मा घाटाच्या गल्लीत गाडी येत नाही. शेजारच्या चौघांनी त्याला लाकडी खुर्चीत बसवलं आणि खुर्ची खांद्यावर घेतली. इतका वेळ डोळे मिटून पडलेला दादा ताडकन जागा झाला. "कंधे पर नहीं! नीचे से पकड़ो भैया, नीचे से!" पण गल्ली अरुंद, खालून धरून चौघं मावेनात. शेवटी खांद्यावरूनच निघाली वरात. आमच्या गल्लीतून खांद्यावर काही निघालं की माणसं आपोआप बाजूला होतात आणि हात जोडतात. एका दुकानदारानं गल्ल्यावरून उठून नमस्कार केला तेव्हा दादा वरून ओरडला, "अभी हैं! अभी हैं!" मैदागिनच्या तोंडाशी समोरून खरीच तिरडी आली. रस्ता एक, खांदेकरी आठ. तिरडीवाल्यांपैकी एकानं आम्हाला वाट करून देत विचारलं, "केहर?" दादा म्हणाला, "अस्पताल." तो माणूस अगदी समजुतीनं म्हणाला, "जा महाराज, पहिले तू निकल जा." मला हसू आलं आणि त्याच क्षणी मी खुर्चीचा पाय घट्ट धरला. दादाचा हात ओटीपोटावर उजव्या बाजूला होता. ताम्हण नव्हतं, नुसता तळवा.

दवाखान्यात रक्त तपासलं. क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो, किडनी थकली की तो चढतो. दादाचा नेहमी एक असे, तो पावणेतीन झाला होता. तेल लिहून देणारी हीच डॉक्टरीण. तरुण, आमच्या शाळेतल्या एखाद्या मॉनिटरसारखी करडी. ती म्हणाली, पोटात जंतू गेलेत, पाणी कमी पडलंय, दोन-तीन दिवसांत आकडा उतरला तर ठीक, नाही तर किडनी जाऊ शकते. काय खाल्लं, काय प्यायलं, सगळं खरं सांगा. दादा चादरीची घडी सारखी करू लागला. मी म्हटलं, "सांग ना!" तेव्हा त्यानं सांगितलं. पंचगव्य वासापुरतं नव्हे, तीन पळ्या भरून. त्यावर चढलेल्या गढूळ गंगेचं आचमन. आणि त्याही आधी, कुणी उठलं नसताना बुडालेल्या पायऱ्यांवर जाऊन एक बुडी.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो, 'माझी किडनी घालवली ह्यानं.' त्याचा जीव जाईल हे नंतर मनात आलं. मला त्या विचाराची लाज वाटते, पण आला हे खरं. मी ओरडलेच, शाळेत ओरडायची तशी. "पाच वर्षं सांडाला भ्यायलास, कारल्याला भ्यायलास, आणि हे करताना भीती वाटली नाही?"

दादा छताकडे बघत म्हणाला, "मी एकट्यानं खाल्लं असतं तर माझं मी बघून घेतलं असतं, धाकटे. पण ते तेल तिच्यातून गेलं ना. ती तुझी. तू जन्मात कधी अंड्यालासुद्धा शिवली नाहीस. उद्या वर गेल्यावर तुला विचारलं, मासे का खाल्लेस, तर तू काय जवाब देणार होतीस? माझ्यापायी तुझं खातं कशाला बिघडवायचं?"

डॉक्टरणीला मराठी कळत नव्हतं. मी तिला हिंदीत सांगितलं. तिनं हातातली फाइल मिटली. मग म्हणाली, "पंडितजी, वो तेल ज़रूरी थोड़े ही था. चर्बी के लिए लिखा था. किडनी को उससे फ़ायदा होगा, ऐसा पक्का तो कोई नहीं कहता. एक बार बोल देते, बंद कर देती, दूसरी गोली लिख देती." दादानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "विचारायला भीती वाटत होती का?" मी विचारलं. "मला नाही," तो म्हणाला, "तिला."

ते दोन दिवस मी त्याच्या खाटेजवळ बसून होते. वहिनी घरून पेज घेऊन यायची. सलाईन थेंबथेंब पडायचं आणि मी खाटेखालच्या पिशवीत किती जमलं ते बघायची. शंभर. दीडशे. पुन्हा तेवढंच. इतकी भीती मला माझ्या ऑपरेशनच्या वेळी वाटली नव्हती. दादा डोळे मिटून पडलेला, आणि मला वाटू लागलं की हा माझं न केलेलं पाप पोटाशी धरूनच जाणार. दुसऱ्या दुपारी मला ते सोसवेना. मी त्याच्या कानाशी वाकले.

"दादा, एक सांगू? मी शाळेची सहल घेऊन पुरीला गेले होते ना, तेव्हा मी मासा खाल्ला होता."

त्यानं डोळे उघडले. मान माझ्याकडे वळवली.

"कुठला?"

"नाव नाही माहीत."

"आवडला?"

"हो. दुसऱ्या दिवशीही खाल्ला."

दादा पुन्हा छताकडे बघू लागला. मग अगदी क्षीण आवाजात म्हणाला, "तरीच. मी म्हणत होतो, त्या गोळीनं हिला इतकं बरं का वाटतंय!" आणि आम्ही दोघं हसलो. त्याला हसताना दुखत होतं, तरी हसलो. मी हसता हसता रडायला लागले, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं.

तिसऱ्या दिवशी आकडा उतरू लागला. उतरत उतरत दीडच्या थोडा वर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. पूर्वीचा एक काही परत आला नाही. डॉक्टरीण म्हणाली, यावर बरीच वर्षं निघतील, पण आता गंमत नको. तेल बंद झालं. मांजरं आठवडाभर उंबऱ्याशी येऊन बसत आणि निराश होऊन जात. दादा पुन्हा ताम्हण बांधू लागला आणि पुन्हा वरच्या कोरड्या पायरीवर उभा राहू लागला.

फोनही पुन्हा सुरू झाला. फरक इतकाच, की आता मी साडेपाचपासून तो हातात घेऊन बसते, आणि सहा वाजून दोन मिनिटं झाली की चहाचा कप बाजूला सारते. आमचे हे आता मीटरचं काही बोलत नाहीत, ते माझ्याशेजारी नुसते बसून असतात. काल फोन आला तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती. "धाकटे, काल पावणेदोन लिटर. रंग बरा. तुझी तबियत ठीक आहे." नेहमीसारखा तो फोन बंद करणार, तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं, "आणि तुझी, दादा?"

मला वाटलं, फोन कटला. घाटावरची घंटा मात्र ऐकू येत होती.

"भीती वाटते गं," दादा म्हणाला.

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिचं नाव पुढे केलं नाही. मी म्हटलं, "मलाही." मग आम्ही दोघंही फोन कानाला लावून नुसते बसलो. वहिनीनं मागून त्याला काहीतरी विचारलं, आणि दादा घसा साफ करून म्हणाला, "ठेव आता. आठला तिची गोळी आहे."